सामना घरात आणण्याचा हिशेब

क्रीडा प्रक्षेपणाच्या हक्कांचे लिलाव हजारो कोटींच्या घरात गेले आहेत. त्याच वेळी घरात कोणते ब्रॉडबॅण्ड घ्यावे आणि कोणत्या वाहिन्या ठेवाव्यात, हा साधा वाटणारा प्रश्न शहरी प्रेक्षकाला दर हंगामात नव्याने सोडवावा लागतो. ही अडचण निवडीच्या अभावाची नसून निवडीच्या स्वरूपाची आहे. त्यामुळे तिच्यामागचे अर्थकारण, तंत्र आणि कायदा एकत्र तपासणे आवश्यक ठरते.

एका वर्षाचे वेळापत्रक

उदाहरणादाखल २०२५ हे वर्ष घेता येईल. फेब्रुवारी-मार्चमध्ये चॅम्पियन्स करंडक झाला. त्याच्या प्रक्षेपणाचे हक्क जिओस्टार समूहाकडे होते. २२ मार्च ते ३ जून या काळात रंगलेली आयपीएलही त्याच घरात होती. २० जूनपासून भारतीय संघ इंग्लंडमध्ये पाच कसोटी सामने खेळला. ते टीव्हीवर सोनीच्या वाहिन्यांवर आणि इंटरनेटवर जिओहॉटस्टारवर दिसत होते, म्हणजे एकाच मालिकेचे दोन पडदे दोन वेगळ्या समूहांच्या हाती होते. सप्टेंबरमधील आशिया करंडक सोनीच्या वाहिन्यांवर आणि सोनी लिव्हवर गेला. त्यानंतर मायदेशातील वेस्ट इंडिज मालिका, ऑस्ट्रेलियाचा दौरा आणि २ नोव्हेंबर रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताने जिंकलेली महिला विश्वचषकाची अंतिम लढत, हे सारे पुन्हा जिओस्टारकडे आले.

हे झाले केवळ क्रिकेटचे. फुटबॉलचा चाहता असेल तर २०२५-२६ च्या हंगामात इंग्लिश प्रीमिअर लीगसाठी जिओस्टार, युरोपातील चॅम्पियन्स लीगसाठी सोनी आणि स्पॅनिश ला लिगासाठी फॅनकोड अशी तीन दारे त्याला ठोठवावी लागत होती. फॉर्म्युला वन शर्यती २०२४ पासून फॅनकोडकडे गेल्या. टेनिसमध्ये ऑस्ट्रेलियन ओपन सोनीकडे आणि विम्बल्डन स्टारकडे, अशी वाटणी होती. एका घरात वडील कसोटी पाहणारे, मुलगा फुटबॉलवेडा, मुलीला टेनिसची आवड आणि सर्वांना मिळून कबड्डी प्रिय असेल, तर त्या घराला एकच पॅकेज पुरेसे पडणे जवळजवळ अशक्य होते.

येथे एक मूलभूत भेद ध्यानात घेतला पाहिजे. साबण महागला तर ग्राहक दुसऱ्या कंपनीचा साबण घेतो. मनोरंजन वाहिनीचे दर वाढले तर प्रेक्षक दुसऱ्या वाहिनीवरच्या मालिकेकडे वळू शकतो. भारत-पाकिस्तान सामन्याला मात्र पर्याय नसतो. तो ज्या कंपनीकडे आहे, तिच्याच दारात जावे लागते. शिवाय सामन्याचे मोल तो चालू असेपर्यंतच असते. निकाल कळल्यानंतरचे प्रक्षेपण शिळ्या वर्तमानपत्रासारखे असते. पर्याय नाही आणि थांबण्याचीही सोय नाही, या दोन गोष्टींमुळेच थेट प्रक्षेपण हे केबल, डीटीएच आणि ब्रॉडबॅण्ड विकण्याचे सर्वात प्रभावी साधन बनले आहे.

लहरी सार्वजनिक, सामना खासगी

या वादाचे मूळ १९९३ च्या हिरो करंडकात आहे. बंगालच्या क्रिकेट संघटनेने त्या स्पर्धेचे हक्क दूरदर्शनऐवजी एका परदेशी कंपनीला विकले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्या. पी. बी. सावंत, न्या. एस. मोहन आणि न्या. बी. पी. जीवन रेड्डी यांच्या पीठाने दिलेला निकाल ऐतिहासिक ठरला. ध्वनिलहरी आणि प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारचीही मक्तेदारी असू शकत नाही आणि तिचा वापर लोकहितासाठी व्हावा, असे त्या निकालाचे सार होते. खासगी प्रक्षेपणाचा मार्ग त्याने प्रशस्त केला. मात्र ज्याला पैसे देणे शक्य नाही अशा प्रेक्षकाचे काय, हा प्रश्न त्यानंतरच खऱ्या अर्थाने उभा राहिला.

२००४ मध्ये भारतीय संघ पाकिस्तानच्या दौऱ्यावर गेला तेव्हा हक्क टेन स्पोर्ट्सकडे होते आणि न्यायालयाच्या आदेशानंतरच ते सामने दूरदर्शनवर दिसू शकले. जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेत तोच पेच पुन्हा उद्भवला. हक्क निओ स्पोर्ट्सकडे होते आणि नागपूरचा पहिला एकदिवसीय सामना दूरदर्शनच्या प्रेक्षकांना थेट पाहता आला नाही. पुढच्या सामन्यांसाठी सात मिनिटांच्या विलंबाचा न्यायालयीन तोडगा निघाला. लगेचच सरकारने वटहुकूम काढला आणि त्याचे रूपांतर २००७ च्या कायद्यात झाले. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून अधिसूचित झालेल्या स्पर्धांचे थेट चित्रण प्रसार भारतीला देणे या कायद्याने हक्कधारकांवर बंधनकारक केले. टीव्हीवरील जाहिरातींच्या उत्पन्नातील किमान पाऊण वाटा हक्कधारकाला आणि उरलेला प्रसार भारतीला, असे सूत्रही ठरले.

कायद्याचा हेतू चांगला होता. तथापि त्याच्या मर्यादा कालांतराने उघड झाल्या. आयपीएल ही अधिसूचित स्पर्धांच्या यादीत नाही. त्यामुळे देशात सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या स्पर्धेला या कायद्याचा स्पर्शच होत नाही. दुसरी मर्यादा ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्पष्ट झाली. प्रसार भारतीला मिळालेले चित्रण दूरदर्शनच्या स्वतःच्या भूस्थित जाळ्यावर आणि फ्री डिश या डीटीएच सेवेवरच दाखवता येईल, केबल व खासगी डीटीएच चालकांमार्फत ते घरोघरी पोहोचवता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्यानंतर २०२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक जुने भूस्थित प्रक्षेपक बंद करण्यात आले. परिणामी कायद्याने मिळालेला सामना पाहण्याचा व्यवहार्य मार्ग म्हणून फ्री डिशच उरली.

शहरी प्रेक्षकाच्या दृष्टीने याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. केबलच्या यादीत दूरदर्शनची क्रीडावाहिनी दिसते, म्हणून भारताचा सामना तिच्यावर दिसेलच असे नाही. तोच सामना फ्री डिशची तबकडी लावलेल्या खेड्यातल्या घरात मासिक शुल्काशिवाय दिसतो आणि शेकडो रुपयांचे केबल बिल भरणाऱ्या पुण्या-मुंबईच्या सदनिकेत वेगळे पैसे मोजल्याखेरीज दिसत नाही. गच्चीवर तबकडी लावण्याची परवानगी गृहनिर्माण संस्थेकडून मिळाली, तर एकदाच खर्च करून भारताच्या अधिसूचित सामन्यांची सोय होऊ शकते. पण हा पर्याय विक्रेता स्वतःहून सांगण्याची शक्यता कमी, कारण त्यातून त्याला दरमहा काही मिळत नाही.

फुकटाचा काळ आणि त्याची किंमत

हक्कांच्या किमतींचा आलेख पाहिला की पुढचे चित्र उलगडते. सप्टेंबर २०१७ मध्ये स्टार इंडियाने आयपीएलच्या पाच हंगामांचे टीव्ही आणि डिजिटल असे सर्व हक्क १६,३४७.५० कोटी रुपयांना घेतले. जून २०२२ मध्ये मुंबईत झालेल्या ई-लिलावात पुढच्या पाच हंगामांसाठी हीच रक्कम ४८,३९० कोटी रुपयांवर गेली. त्या वेळी नियामक मंडळाने भारतीय उपखंडातील टीव्ही आणि डिजिटल हक्क वेगळे विकले. टीव्ही डिस्ने स्टारकडे २३,५७५ कोटींना गेला, तर डिजिटलची बाजी व्हायकॉम १८ ने मारली. ऑगस्ट २०२३ मध्ये भारतातील द्विपक्षीय मालिकांचे पाच वर्षांचे हक्कही व्हायकॉम १८ ने ५,९६३ कोटी रुपयांना मिळवले.

एवढी रक्कम मोजलेल्या कंपनीने प्रेक्षकाकडून पहिल्या दिवसापासून पैसे घ्यायला हवे होते. घडले उलटेच. २०२२ चा फुटबॉल विश्वचषक जिओसिनेमावर विनामूल्य दाखवण्यात आला. पहिल्याच दिवशी चित्र अडखळल्याच्या तक्रारी आल्या, पण प्रेक्षकसंख्या वाढत गेली. २०२३ ची आयपीएलही मोफत होती. प्रतिस्पर्धी हॉटस्टारने मग त्याच वर्षीचा आशिया करंडक आणि एकदिवसीय विश्वचषक मोबाइलवर मोफत केला. १९ नोव्हेंबर २०२३ च्या अहमदाबादमधील अंतिम सामन्यात एकाच क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक हॉटस्टारवर असल्याची नोंद झाली. २०१९ च्या विश्वचषकातील भारत-न्यूझीलंड उपांत्य सामन्यात हाच आकडा २.५३ कोटी होता.

दोन बलाढ्य समूहांच्या या झुंजीत प्रेक्षकाचे फावले, असे तेव्हा वाटले. प्रत्यक्षात तो सवय लावण्याचा काळ होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांचे भारतातील माध्यम-व्यवसाय एकत्र आले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा व हॉटस्टार यांचे मिळून जिओहॉटस्टार झाले. तीन महिन्यांसाठी १४९ रुपयांपासून पुढे दर जाहीर झाले. आयपीएलच्या तोंडावर २९९ रुपये वा त्याहून अधिकच्या जिओ रिचार्जवर नव्वद दिवसांची सदस्यता देण्याची योजनाही आली. सामना ‘मोफत’ राहिला, पण तो आता एका दूरसंचार जोडणीला बांधला गेला. जो ग्राहक आधीपासून त्या कंपनीचा आहे त्याला लाभ झाला. इतरांना एक तर सदस्यता घ्यावी लागली किंवा जोडणी बदलण्याचा विचार करावा लागला.

या विलीनीकरणाला ऑगस्ट २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने काही बदलांच्या अटीवर मान्यता दिली. आयपीएल, आयसीसी आणि भारतीय मंडळाच्या सामन्यांसाठी टीव्हीवरील व इंटरनेटवरील जाहिरातींची वेळ एकत्र बांधून विकली जाणार नाही, अशी हमी कंपन्यांनी दिली होती. जाहिरातदाराला गाठोडे नको असेल तर सुटे घेता आले पाहिजे, हा विचार योग्यच आहे. हाच न्याय सामना पाहणाऱ्या ग्राहकाला का लागू नसावा, हा प्रश्न मात्र त्यातून आपोआप उभा राहतो.

ब्रिटनमधील अनुभव

क्रीडा हक्क आणि ब्रॉडबॅण्ड यांची सांगड घालण्याचा अनुभव भारताआधी ब्रिटनने घेतला आहे, म्हणून त्याची येथे दखल घेणे उपयुक्त ठरेल. १९९२ मध्ये प्रीमिअर लीग सुरू झाली तेव्हापासून थेट प्रक्षेपणाचे हक्क स्कायकडे होते. ही मक्तेदारी मोडावी म्हणून युरोपीय आयोगाने आग्रह धरला. त्यानुसार २००७ पासूनचे हक्क सहा गटांत विकण्याचे आणि सर्व गट एकाच कंपनीला न देण्याचे ठरले. चार गट स्कायने आणि दोन सेटांटाने घेतले.

स्पर्धा आली, पण चाहत्याच्या वाट्याला दोन सदस्यता आल्या. पूर्वी सर्व थेट सामने एका बिलात मिळत, आता त्यासाठी दोन बिले भरावी लागली. पुढे जून २००९ मध्ये सेटांटाचा ब्रिटनमधील व्यवसाय कोसळला आणि तिच्याकडे गेलेल्या ग्राहकांना पुन्हा नव्या दारात उभे राहावे लागले. २०१३ मध्ये दूरध्वनी क्षेत्रातील बीटी कंपनीने क्रीडावाहिनी सुरू केली आणि आपल्या ब्रॉडबॅण्ड ग्राहकांना ती मोफत दिली. फुटबॉल हे तेथे ब्रॉडबॅण्ड टिकवण्याचे अस्त्र होते. ती वाहिनी कायम मोफत राहिली नाही आणि २०२३ मध्ये तिचे नावही बदलून टीएनटी स्पोर्ट्स झाले.

यातून निघणारा निष्कर्ष भारतालाही लागू पडतो. हक्क विकत घेताना होणारी स्पर्धा ही मंडळांसाठी आणि लीगसाठी लाभदायक असते. ती प्रेक्षकाचे बिल कमी करतेच असे नाही. प्रेक्षकाचे बिल तेव्हाच कमी होईल, जेव्हा एकच सामना दोन कंपन्या विकतील आणि त्याच्यासाठी झगडतील. अनन्य हक्कांच्या व्यवस्थेत ते घडत नाही. मक्तेदारीत बिल एकाच्या मर्जीवर ठरते आणि विभागणीत बिलांची संख्या वाढते. म्हणूनच पॅकेज घेताना कोणती कंपनी ‘चांगली’ यापेक्षा कोणते सामने कोणत्या काळात कोठे आहेत, हे आधी पाहावे लागते.

वेग किती हवा?

इंटरनेटवर सामना पाहायचा तर ब्रॉडबॅण्डचा वेग किती असावा, याविषयी जाहिरातींनी मोठा गोंधळ माजवला आहे. २००४ च्या ब्रॉडबॅण्ड धोरणात किमान वेग २५६ केबीपीएस मानला होता. २०२३ मध्ये ही व्याख्या २ एमबीपीएसवर आली. विक्रेते मात्र १००, २०० आणि ३०० एमबीपीएसच्या योजना पुढे करतात. प्रत्यक्षात एचडी दर्जाच्या चित्राला साधारण ५ ते ८ एमबीपीएस आणि ४के दर्जाला सुमारे २५ एमबीपीएस पुरतात. एका पडद्यावर सामना आणि घरातील इतरांचे नेहमीचे काम एवढीच गरज असेल, तर ३० ते ५० एमबीपीएसची भरवशाची जोडणी पुरेशी असते.

वेगापेक्षा माहितीच्या मर्यादेचा हिशेब महत्त्वाचा. ५ एमबीपीएसने साडेतीन तासांचा टी-२० सामना पाहिला तर सुमारे ८ जीबी खर्च होतात. कसोटीच्या सहा तासांच्या दिवसाला साडेतेरा जीबी, तर पूर्ण पाच दिवसांना ६७ जीबीहून अधिक लागतात. मोबाइलवरील रोजची दीड जीबीची मर्यादा या दर्जाला चाळीस मिनिटांत संपते. तीच मर्यादा १ एमबीपीएसच्या साध्या चित्राला तीन तास वीस मिनिटे पुरते, म्हणजे लहान पडद्यावर जेमतेम एक टी-२० सामना. मोठ्या टीव्हीवर सामना पाहायचा असेल तर मोबाइलच्या रिचार्जवर विसंबून भागत नाही, त्याचे कारण हेच.

तिसरा मुद्दा विलंबाचा. इंटरनेटवरील थेट चित्र काही सेकंदांच्या तुकड्यांत कापून पाठवले जाते आणि अडखळू नये म्हणून ग्राहकाच्या यंत्रात काही तुकडे आधी साठवले जातात. त्यामुळे केबल वा डीटीएचवर दिसणारा चेंडू ॲपवर कित्येकदा काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत उशिरा पोहोचतो. शेवटच्या षटकात शेजारच्या इमारतीतून जल्लोष ऐकू आल्यावर आपल्या पडद्यावर गोलंदाज धावायला सुरुवात करतो, हा अनुभव त्यामुळेच येतो. जोडणीचा वेग वाढवून हा विलंब फारसा कमी होत नाही, कारण तो रचनेतच आहे. ज्याला चेंडू प्रथम पाहायचा आहे, त्याच्यासाठी उपग्रह वा केबल हाच अजूनही अधिक चांगला मार्ग आहे.

चौथी बाब प्रसारणाच्या पद्धतीची. डीटीएचवर एकच संकेत एकाच वेळी सर्व घरांत पोहोचतो, प्रेक्षक लाख असोत वा कोटी. ॲपवर मात्र प्रत्येक पडद्याला स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो. निर्णायक क्षणी कोट्यवधी लोक एकदम आले की ताण येतो तो नेमका तेव्हाच. उलट मुसळधार पावसात डीटीएचचे चित्र गोठते आणि तेथे जमिनीखालून आलेली फायबर तार सरस ठरते. सप्टेंबर २०२३ पासून मुंबई-पुण्यासह काही शहरांत आलेली एअरफायबरसारखी बिनतारी सेवा जेथे तार पोहोचत नाही तेथे उपयोगी आहे. तिचा दर्जा मात्र टॉवरचे अंतर आणि भोवतालच्या इमारतींवर अवलंबून असतो. म्हणून ती घेण्यापूर्वी रात्री आठ ते अकराच्या वेळेत शेजाऱ्याकडे तिची परीक्षा घेणे शहाणपणाचे.

बिलाची चिरफाड

टीव्हीच्या बिलात दोन भाग असतात. एक नेटवर्क क्षमता शुल्क, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत आणण्याचे भाडे, आणि दुसरा सशुल्क वाहिन्यांची किंमत. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची नवी दरपद्धती लागू झाली तेव्हा पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी हे शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये होते. त्यावर १८ टक्के कर धरला की १५३ रुपये ४० पैसे होत. बुकेमध्ये समाविष्ट होणाऱ्या वाहिनीची कमाल किंमत १९ रुपये ठरली होती. अशा दोन क्रीडावाहिन्या सुट्या घेतल्या तर करासह ४४ रुपये ८४ पैसे वाढत. म्हणजे दोनशे रुपयांच्या आत प्रमुख क्रिकेट दिसू शकत होते. तरीही अनेक घरांत त्याहून कितीतरी मोठे बिल येत राहिले, कारण सुट्या वाहिन्या मागण्याऐवजी चालकाने सुचवलेला बुके स्वीकारला गेला.

१९ रुपयांची मर्यादा मध्यंतरी १२ वर आणण्यात आली, पण नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा १९ झाली. त्याच वेळी बुकेवरील सवलतीवर ४५ टक्क्यांची मर्यादा आली. जुलै २०२४ मध्ये ट्रायने नेटवर्क शुल्कावरील कमाल मर्यादा काढून ते ठरवण्याची मुभा चालकांना दिली. त्यामुळे एकाच गल्लीतील केबलचालक आणि डीटीएच कंपनी यांचे हे शुल्क वेगळे असू शकते, आणि तुलना करण्याची जबाबदारी ग्राहकावर आली आहे. सुटी वाहिनी निवडण्याचा ग्राहकाचा हक्क मात्र कायम आहे.

ब्रॉडबॅण्डसोबत येणाऱ्या ‘मोफत’ ॲपचा हिशेबही असाच सोडवून पाहावा. समजा, ॲपसह आणि ॲपविना अशा दोन योजनांत महिन्याला तीनशे रुपयांचा फरक आहे. वर्षाचे ३,६०० रुपये आणि १८ टक्के कर धरून तो ४,२४८ रुपयांचा होतो. एवढ्या रकमेत हवी असलेली ॲप स्वतंत्रपणे आणि हव्या त्या महिन्यांपुरतीच घेता येतात का, हे पाहिले की गाठोड्याचे खरे मोल कळते. त्यातही मिळणारी सदस्यता कोणत्या प्रकारची आहे, हे तपासणे अगत्याचे. केवळ मोबाइलपुरती सदस्यता टीव्हीवर चालत नाही, आणि हे नेमके सामन्याच्या संध्याकाळी लक्षात येते. एकाच वेळी किती पडद्यांवर चालेल, जाहिराती असतील का, चित्राचा दर्जा कोणता, हे प्रश्न करार करण्यापूर्वी विचारायचे आहेत.

भाषेचा मुद्दाही गौण नाही. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमाने मराठी समालोचनाची सोय केली होती. त्या चमूतील केदार जाधव हंगाम सुरू असतानाच बंगळुरूच्या संघात खेळाडू म्हणून दाखल झाला. घरातील ज्येष्ठांना मराठीतून ऐकायचे असेल, तर ती सोय कोणत्या माध्यमावर आहे, यानेही निवड बदलू शकते.

निवड कशी करावी

या सर्व विवेचनातून एक सूत्र हाती लागते. तार आणि सामना यांची खरेदी वेगळी ठेवावी. ब्रॉडबॅण्ड हे घराचे बारमाही साधन आहे. मुलांचा अभ्यास, कार्यालयीन काम, बँकेचे व्यवहार त्यावर चालतात. त्याची निवड भरवसा, दुरुस्तीची तत्परता आणि परिसरातील प्रत्यक्ष अनुभव यांवर व्हावी. सामना ही हंगामी गरज आहे. तिची खरेदी वेळापत्रक समोर ठेवून महिन्या-तिमाहीच्या हिशेबाने करावी.

ज्याला केवळ भारतीय संघाचे सामने पाहायचे आहेत, त्याने केबल वा डीटीएचवर क्रीडावाहिन्या सुट्या घ्याव्यात आणि ज्या मालिकेचे हक्क ज्या समूहाकडे असतील त्यानुसार त्या बदलाव्यात. ॲपची वार्षिक सदस्यता त्याला बहुधा अनावश्यक आहे. आयपीएल आणि कबड्डी हीच आवड असलेल्या घराने त्या दोन-तीन महिन्यांपुरता खर्च करावा. युरोपीय फुटबॉल वा फॉर्म्युला वनच्या चाहत्याला मात्र ब्रॉडबॅण्डवाचून गत्यंतर नाही, कारण त्याच्या आवडीचे काही सामने आणि शर्यती केवळ ॲपवरच असतात. त्याने ॲपविना स्वस्त योजना घेऊन हवी ती ॲप हंगामापुरती जोडावीत. ज्या घरात ज्येष्ठ एकटे राहतात, तेथे रिमोटचे एक बटण दाबून चालणारी वाहिनी ही दहा ॲपपेक्षा मोलाची आहे.

वर्षभराचे पैसे आगाऊ भरताना विशेष सावधगिरी हवी. सहा महिन्यांनी हक्क दुसऱ्या समूहाकडे गेले, तर ॲप हातात राहते आणि सामना निघून जातो. सदस्यतेचे आपोआप होणारे नूतनीकरण हंगाम संपताच बंद करणे, ही सवय अनेक घरांचे पैसे वाचवू शकते.

नियमनातील पोकळी

तथापि सारा भार ग्राहकाच्या चतुराईवर टाकून चालणार नाही. सध्याच्या व्यवस्थेत एक ठळक विसंगती आहे. टीव्हीवरील क्रीडावाहिनीची किंमत जाहीर करावी लागते, ती सुटी द्यावी लागते, बुकेवरील सवलतीला मर्यादा आहे. तोच सामना ॲपवर गेला की ट्रायची ही दरपद्धती त्याला लागू होत नाही. सामना एकच, प्रेक्षक एकच, पण पडदा बदलला की संरक्षण संपते. २००७ चा कायदा झाला तेव्हा थेट सामना म्हणजे टीव्ही वा रेडिओ एवढेच समीकरण होते. इंटरनेटवरील कोट्यवधी प्रेक्षकांचा विचार त्यात असणे शक्य नव्हते. आता तो करणे टाळता येणार नाही.

किमान तीन गोष्टी करणे शक्य आहे. ब्रॉडबॅण्ड योजनेतील ॲपची किंमत बिलात वेगळी दाखवणे बंधनकारक करावे, म्हणजे ‘मोफत’ या शब्दाचे मोल ग्राहकाला कळेल. आधीच भरलेल्या मुदतीत एखाद्या स्पर्धेचे हक्क कंपनीकडून गेले, तर उरलेल्या काळाची सदस्यता रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला असावा. आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे दूरदर्शनला मिळणारे चित्रण फ्री डिशपलीकडील सामान्य प्रेक्षकापर्यंत कसे पोहोचेल, याचा संसदेने नव्याने विचार करावा. हक्कधारकाने हजारो कोटी मोजले आहेत, हे खरे. त्याच्या गुंतवणुकीचे रक्षण झालेच पाहिजे. पण अधिसूचित सामन्यांची यादी मर्यादित आहे आणि जाहिरातींच्या उत्पन्नातील मोठा वाटा त्याला मिळण्याची तरतूदही कायद्यात आधीपासून आहे.

१९९५ च्या निकालाने लहरी लोकांच्या आहेत असे सांगितले, तेव्हा मक्तेदारी सरकारची होती. तीन दशकांनंतर प्रेक्षक त्या मक्तेदारीतून सुटला आहे, पण भारताचा सामना पाहण्यासाठी कोणते रिचार्ज करायचे याचा शोध त्याला दर मालिकेला घ्यावा लागतो. पॅकेज निवडण्याचे कौशल्य हा त्यावरचा तात्पुरता उपाय आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून सरकारनेच मान्य केलेल्या सामन्यावर सर्वसामान्य प्रेक्षकाचा हक्क किती, हे शेवटी कायद्यालाच ठरवावे लागेल. पुढच्या हक्कांचे लिलाव होण्यापूर्वी ते ठरले, तरच त्याला अर्थ राहील.